पार्ट नंबरवरून ऑपरेशन्स काढायची क्वेरी: वीस रो कुठून आल्या आणि हार्डनिंग कुठे गेलं

एकानं इथे प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पार्ट नंबर टाकला की त्या पार्टवर कोणकोणती ऑपरेशन्स होतात, कुठल्या वर्क सेंटरवर (म्हणजे मशीन किंवा बेंचवर) होतात आणि किती वेळ लागतो हे एका क्वेरीत हवंय. क्वेरी लिहून झालीये, पार्ट मास्टर, पार्टची ऑपरेशन्स, ऑपरेशन मास्टर आणि वर्क सेंटर अशी चार टेबलं जोडलीयेत. रूट कार्डवर (पार्टच्या ऑपरेशन्सचा छापील कागद) ऑपरेशन्स सहा आहेत पण क्वेरीत रो (ओळी) वीस येतात, डिस्टिंक्ट (तंतोतंत सारख्या रो एकदाच दाखवणारा शब्द) लावलं की सात होतात, आणि हार्डनिंगचं ऑपरेशन त्या वीसमध्येही नाही आणि सातमध्येही नाही.

मी हे काम बरीच वर्षं करतोय, वेगवेगळ्या ईआरपीवर (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), आणि खरं सांगतो, या क्वेरीत एसक्यूएल अवघड नसतं. अवघड असतं ते आधीचं, की एक रो म्हणजे नक्की काय ते ठरवणं. ते ठरवलं नाही की माणूस जॉइन (टेबलाला टेबल जोडणं) लावत सुटतो आणि शेवटी डिस्टिंक्टची चादर ओढून झोपतो.

आधी डिस्टिंक्ट काढून टाका आणि वीस रो तशाच समोर ठेवा. वीसला फोडून बघा: पाच ऑपरेशन्स गुणिले दोन गुणिले दोन. पाच का तर हार्डनिंग गळालंय (त्याच्यावर खाली येतो). पहिला दोन म्हणजे पार्टच्या दोन रिव्हिजन (आवृत्त्या), जुनी आणि चालू, तुमच्या व्हेअरमध्ये (क्वेरीतला अटींचा भाग) नुसता पार्ट नंबर आहे, रिव्हिजनची अटच नाही. दुसरा दोन ऑपरेशन मास्टरकडून आलाय. त्या टेबलाची की (एक रो नेमकी ओळखायची खूण) फक्त ऑपरेशन कोड नाहीये, कंपनी अधिक ऑपरेशन कोड आहे, एकाच डेटाबेसमध्ये दोन कंपन्या आहेत आणि दोन्हीकडे टर्निंगचा कोड तोच. तुम्ही जोडताना वर्क सेंटरला कंपनी लावलीये पण ऑपरेशन मास्टरला लावायची राहिलीये, त्यामुळे प्रत्येक ऑपरेशनला दोन-दोन वर्णनं चिकटली. आणि डिस्टिंक्टनंतर सातच का, तर दोन्ही कंपन्यांतलं वर्णन शब्दशः सारखं असल्यामुळे तो डबल मिटला, रिव्हिजनवाला डबल मात्र तीनच ऑपरेशन्सना मिटला, बाकी दोन ऑपरेशन्सचा सायकल टाइम नव्या रिव्हिजनमध्ये बदललाय म्हणून ती दोन-दोनदा राहिली. तीन अधिक चार, सात.

म्हणजे टर्निंग एकदा ६ मिनिटांचं आणि एकदा ८ मिनिटांचं दिसतंय, आणि वाचणाऱ्याला वाटणार की दोनदा टर्निंग आहे.

डिस्टिंक्टवर माझा राग जुना आहे, त्याचं कारण सांगतोच. एका कारखान्यात रूट कार्ड छापायची क्वेरी कोणीतरी डिस्टिंक्ट लावून ठेवली होती आणि त्यात ऑपरेशनचा क्रमांक घेतलाच नव्हता, फक्त ऑपरेशनचं नाव, वर्क सेंटर आणि वेळ. त्या पार्टला डिबरिंग (कडांवरचे धारदार कंगोरे, म्हणजे बर, काढणं) दोनदा होतं, एकदा मिलिंगनंतर आणि एकदा ड्रिलिंगनंतर, दोन्ही त्याच बेंचवर, दोन्ही २ मिनिटांची. डिस्टिंक्टनं त्यातलं एक खाऊन टाकलं. कार्डावर नाही म्हणून माणसांनी केलं नाही, आणि होलच्या कडांना बर असलेला लॉट तसाच प्लेटिंगला गेला. क्वेरीत एरर नव्हता, रिपोर्टमध्ये एरर नव्हता, सगळं हिरवं. तेव्हापासून या कामात डिस्टिंक्ट दिसलं की मी आधी विचारतो, हे कशावर पांघरूण घालतंय?

आता हार्डनिंग. ते ऑपरेशन बाहेर करून घेतलं जातं, त्याला तुमच्याकडचं वर्क सेंटरच नाही, त्या रोमध्ये वर्क सेंटरचा कॉलम नल (रिकामा) आहे. तुम्ही वर्क सेंटरला साधा इनर जॉइन (दोन्हीकडे जुळलेल्याच रो ठेवणारा) लावलाय, नल कशालाच जुळत नाही, म्हणून ऑपरेशन गेलं. इथे लेफ्ट जॉइनच पाहिजे, तो डावीकडच्या टेबलाची रो जुळली नाही तरी ठेवतो. आणि लेफ्ट जॉइन केल्यावर पुढचा खड्डा लगेच असतो, तो म्हणजे वर्क सेंटरवरची अट व्हेअरमध्ये लिहिणं, उदाहरणार्थ 'वर्क सेंटर चालू आहे' अशी अट. व्हेअर जॉइननंतर चालतो, तिथे नल आला की अट खरी ठरत नाही आणि रो परत गळते, म्हणजे तुम्ही लिहिलं लेफ्ट जॉइन पण चाललं इनर जॉइनसारखं. उजवीकडच्या टेबलावरची अट ऑनमध्ये (जॉइनच्याच अटीत) न्यायची, व्हेअरमध्ये फक्त डावीकडच्या टेबलाच्या अटी. ही एक गोष्ट पाठ झाली तरी 'माझं ऑपरेशन दिसत नाही' वाल्या अर्ध्या तक्रारी मिटतात असं माझं मत आहे.

तर क्वेरीचा सांगाडा असा ठेवा. सुरुवात पार्ट-ऑपरेशनच्या टेबलापासून, कारण एक रो म्हणजे एका रिव्हिजनमधलं एक ऑपरेशन हे आपण ठरवलंय आणि या टेबलाची एक रो म्हणजे नेमकं तेच आहे. मग ऑपरेशन मास्टर, कंपनी आणि ऑपरेशन कोड दोन्हीवर. मग वर्क सेंटर, लेफ्ट जॉइन, कंपनी आणि वर्क सेंटर कोडवर. पार्ट मास्टर फक्त वर्णन आणि युनिटसाठी, तोही कंपनीसकट. प्रत्येक जॉइन लावताना स्वतःला विचारायचं की ज्या टेबलाला जोडतोय त्याची पूर्ण प्रायमरी की मी वापरली का. पूर्ण की वापरली तर त्या जॉइननं रो वाढूच शकत नाहीत, अर्धी वापरली तर आज नाही तर उद्या वाढणारच, आणि 'उद्या' म्हणजे दुसरी कंपनी किंवा दुसरा प्लांट सिस्टीममध्ये आला त्या दिवशी.

चालू रिव्हिजन कशी पकडायची हे विचारलं नाहीये पण तेच पुढचं दुखणं आहे. 'सगळ्यात मोठी रिव्हिजन' घेऊ नका, रिव्हिजन अक्षरात असते, कुठे ए-बी-सी, कुठे ०१-०२, कुठे झेडनंतर एए सुरू होतं आणि मॅक्स तिथे झेडच देतो. लागू तारखेवर जा: लागू तारीख आजची किंवा आधीची, मंजूर झालेली, आणि त्यातली सगळ्यात नवी. रो-नंबरचं विंडो फंक्शन (गटातल्या रोंना क्रमांक देणारं) वापरा, पार्टवर पार्टिशन (गट), तारीख उतरत्या क्रमानं, आणि बाहेर रो-नंबर बरोबर १. मॅक्स तारीख काढून परत जोडण्यापेक्षा हे बरं, कारण एकाच तारखेला दोन रिव्हिजन मंजूर झाल्या (होतात, सकाळी एक आणि संध्याकाळी चूक दुरुस्त करून दुसरी) तर मॅक्सवाली पद्धत दोन्ही आणते, रो-नंबर एकच आणतो. फक्त ऑर्डर बायमध्ये दुसरा काहीतरी पक्का निकष द्या, एंट्रीचा नंबर वगैरे, नाहीतर आज एक येईल उद्या दुसरी. मायएसक्यूएल ८.० च्या आधीचं असेल तर विंडो फंक्शन नाहीत, तिथे नॉट एक्झिस्ट्स लिहा, 'याच्यापेक्षा नवी मंजूर रिव्हिजन अस्तित्वात नाही'.

आणि पर्यायी रूटिंग (रूटिंग म्हणजे पार्टच्या ऑपरेशन्सचा ठरलेला रस्ता) विसरू नका. नेहमीच्या मशीनवर जागा नसली की दुसऱ्या मशीनवर करायचा रस्ता बहुतेक ठिकाणी लिहून ठेवलेला असतो, तोही याच टेबलात, फक्त एका वेगळ्या कॉलमवरून ओळखता येणारा, म्हणून रिव्हिजनसारखी त्याचीही अट लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे प्रश्नात कुठेच नाही. तुम्हाला 'कसं करायचं ठरलंय' ते हवंय की 'प्रत्यक्ष काय झालं' ते? ही दोन वेगळी टेबलं आहेत. पार्टचं रूटिंग म्हणजे मास्टर. जॉब (एका लॉटचं प्रत्यक्ष काम) उघडला की त्या रूटिंगची कॉपी जॉबच्या ऑपरेशन्समध्ये पडते आणि तिथून पुढे ती स्वतंत्र असते, सुपरवायझर जॉबवर एक जास्तीचं ग्राइंडिंग घालतो, कधी मशीन बदलतो, मास्टरला त्याचा पत्ता नसतो. प्लॅनिंगवाला विचारतो तेव्हा त्याला मास्टर हवं असतं. कॉस्टिंगवाला आणि क्वालिटीवाला विचारतो तेव्हा जॉब. दोघं एकच वाक्य बोलतात, 'या पार्टची ऑपरेशन्स द्या'. मी आता सरळ विचारतो की तुम्हाला पुढचा जॉब लावायचाय की मागचा तपासायचाय, म्हणजे भांडण तिथेच मिटतं.

जॉबवरून काढायचं असेल तर एपिकॉर ही ईआरपी वापरणाऱ्यांसाठी एक ठळक सावधगिरी. तिथे जॉबऑपर (जॉबची ऑपरेशन्स) टेबलात पार्ट नंबर शोधून उपयोग नाही. सोपा वाटणारा रस्ता म्हणजे जॉबहेड या जॉबच्या मुख्य टेबलावरचा पार्ट नंबर घ्यायचा आणि जॉब नंबरनं जॉबऑपरला जोडायचं, आणि बहुतेकजण तेच करतात. पण जॉबहेडवर असतो तो वरच्या असेंब्लीचा पार्ट. जॉबमध्ये सबअसेंब्ल्या असतील तर त्यांचीही ऑपरेशन्स त्याच जॉब नंबरखाली असतात, त्यामुळे पंपाच्या नावावर शाफ्टचं टर्निंग आणि इंपेलरचं बॅलन्सिंग सगळं येतं, आणि उलट शाफ्टचा पार्ट नंबर टाकला तर काहीच येत नाही, जणू शाफ्ट कधी बनलाच नाही. मधे जॉबअसेंबल (जॉबमधल्या असेंब्ल्यांचं) टेबल घ्यावंच लागतं, पार्ट नंबर तिथे असतो, आणि जॉबऑपरला कंपनी, जॉब नंबर आणि असेंब्ली क्रमांक तिन्हीवर जोडायचं. असेंब्ली क्रमांक राहिला की प्रत्येक ऑपरेशन प्रत्येक असेंब्लीला चिकटतं, तीन असेंब्ल्या असतील तर तिप्पट.

एसएपी या दुसऱ्या ईआरपीत तोच खड्डा वेगळ्या जागी आहे. मटेरियलपासून (म्हणजे पार्टपासून) टास्क लिस्टपर्यंत (रूटिंग, इन्स्पेक्शन प्लॅन अशा कामांच्या यादीपर्यंत) नेणारं टेबल एमएपीएल, ऑपरेशन्स पीएलपीओमध्ये, आणि लोक ग्रुप नंबर दोन्हीकडे दिसतो म्हणून दोघांना सरळ जोडतात. मधलं पीएलएएस (कुठलं ऑपरेशन कुठल्या काउंटरचं ते सांगणारं टेबल, काउंटर म्हणजे ग्रुपमधल्या एकेका रूटिंगचा क्रमांक) सोडलं की ग्रुपमधल्या सगळ्या काउंटरची ऑपरेशन्स एकत्र येतात, म्हणजे नेहमीचं रूटिंग आणि पर्यायी रूटिंग यांची खिचडी. शिवाय टास्क लिस्टचा प्रकार एन अशी अट घाला, नाहीतर त्याच मटेरियलचा इन्स्पेक्शन प्लॅन, ज्याचा प्रकार क्यू असतो, तोही ऑपरेशन म्हणून रांगेत उभा राहतो. डिलीशन फ्लॅग (रद्द झाल्याची खूण) चारही ठिकाणी बघायचा, ही तीन टेबलं आणि टास्क लिस्टचं मुख्य टेबल पीएलकेओसुद्धा. ओरॅकल ई-बिझनेस सूटमध्ये ऑर्गनायझेशन आयडी विसरू नका, आयटम मास्टरची की आयटम आणि ऑर्गनायझेशन मिळून आहे, आणि कॉमन रूटिंग वापरात असेल तर ऑपरेशन्सना जोडताना कॉमन रूटिंग सिक्वेन्स आयडीनं जोडायचं, नुसत्या रूटिंग सिक्वेन्स आयडीनं जोडलं तर ज्या पार्टनं दुसऱ्याचं रूटिंग उसनं घेतलंय त्याला शून्य ऑपरेशन्स दिसतात.

वेळेची बेरीज हा वेगळाच तमाशा आहे, आणि इथे आकडे चुकतात तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही कारण बेरीज ही एकच रो असते, ती डबल दिसत नाही. समजा एका जॉबच्या टर्निंगवर तीन लेबर टिकटं (कामगाराच्या वेळेच्या नोंदी) पडलीत, १२०, १५० आणि ९० मिनिटांची, एकूण ३६०. त्याच ऑपरेशनला दोन टूल लावलेत. तुम्ही ऑपरेशनला टिकटंही जोडली आणि टूलही जोडले की तीन गुणिले दोन सहा रो होतात आणि बेरीज ७२०. टूलवाला कोणी तिसरा टूल टाकला की १०८०. त्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजर म्हणणार की टर्निंगवाले झोपले होते का, आणि टर्निंगवाल्यांचा काही संबंध नसतो. उपाय एकच, आधी टिकटांची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत करा, जॉब-असेंब्ली-ऑपरेशनवर ग्रुप करून, म्हणजे ऑपरेशनला एकच रो उरते, आणि मग ती जोडा. टूलचंही तसंच, किंवा टूल या रिपोर्टमधून काढूनच टाका, ते वेगळ्या रिपोर्टला शोभतात. सम डिस्टिंक्ट करू नका हं, दोन टिकटं खरोखर ९०-९० मिनिटांची असतील तर त्यातलं एक उडतं.

मास्टरमधला वेळ काढतानाही युनिट बघा. सेटिंग टाइम लॉटला एकदा असतो, सायकल टाइम नगामागे. सेटिंग ४५ मिनिटं, सायकल ६ मिनिटं, लॉट ५० नगांचा तर ४५ अधिक ३०० म्हणजे ३४५ मिनिटं, नगामागे ६.९. दोन्ही सरळ बेरजेत घेऊन ५१ मिनिटं प्रति नग असं दाखवणारा रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय, आणि तो कोटेशनसाठी वापरात होता. काही ठिकाणी वेळ नगामागे नसून १०० नगांमागे लिहिलेला असतो, काही ठिकाणी तासाला किती नग असा उलटा, आणि एकाच टेबलात दोन्ही प्रकार, शेजारच्या कॉलममध्ये फॉर्मॅटचा कोड. तो कॉलम न वाचता गुणाकार करू नये.

ऑपरेशनचा क्रम टेक्स्ट कॉलममध्ये असेल तर ऑर्डर बाय १०, १००, ११०, २० असा लावतो, दहा ऑपरेशन्सच्या आतल्या पार्टवर टेस्ट केलं तर कळतही नाही. आकड्यात बदलून लावा, किंवा एसएपीसारखं ००१०, ००२० असं शून्य भरलेलं असेल तर तसंच ठेवा.

स्पीडबद्दल थोडंसं. पार्ट नंबर कोणी स्पेससकट टाकतं, कोणी लहान अक्षरात, म्हणून लोक व्हेअरमध्ये कॉलमवरच ट्रिम आणि अप्पर लावतात. तसं केलं की साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) कामाचा राहत नाही आणि अख्खं टेबल वाचलं जातं. ट्रिम (स्पेस काढणं) आणि अप्पर (मोठी अक्षरं करणं) युजरनं टाकलेल्या पार्ट नंबरवर करा, कॉलमला हात लावू नका. कॉलममधलाच डेटा घाण असेल तर तो एकदा साफ करा, नाहीतर त्या फंक्शनवरच इंडेक्स बनवा. एसक्यूएल सर्व्हरवर अजून एक छुपा चोर आहे, पार्ट नंबरचा कॉलम व्हारचार (साधा मजकूर) आणि तुमच्या प्रोग्रॅममधून पॅरामीटर जातो एनव्हारचार (युनिकोड मजकूर). सर्व्हर कॉलमला बदलून तुलना करतो, क्वेरी दिसायला निर्दोष, आणि प्लॅनमध्ये बघितलं की बऱ्याचदा सीकच्या (थेट शोधाच्या) जागी स्कॅन (सगळं वाचणं). आणि उलटी क्वेरी, म्हणजे या मशीनवर कोणकोणते पार्ट येतात, तीही कधीतरी मागतीलच. तिला पार्टपासून सुरू होणारा इंडेक्स काही मदत करत नाही, वर्क सेंटरपासून सुरू होणारा वेगळा लागतो.

असेंब्लीचा पार्ट टाकला की खालच्या सगळ्या पार्टची ऑपरेशन्सही हवीत असं असेल तर बीओएम (असेंब्लीत कुठले पार्ट लागतात त्याची यादी) उतरत जावं लागतं, रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच परत परत बोलावणारी क्वेरी) लिहून. ते १९९९ च्या एसक्यूएल स्टँडर्डपासून आहे, ओरॅकलवाले त्याच्याही आधीपासून कनेक्ट बाय वापरतात. एसक्यूएल सर्व्हरवर रिकर्शनची मर्यादा आपोआप १०० असते आणि तिथे 'शंभर संपले' असा एरर आला तर मर्यादा वाढवायला धावू नका, शंभर पातळ्यांचा बीओएम नसतो, कोणीतरी पार्टला स्वतःच्याच पोटात टाकलंय ते शोधा. उतरताना रस्ता एका कॉलममध्ये साठवत न्या, आलेला पार्ट परत दिसला की थांबायचं. आणि एकच बुश दोन सबअसेंब्ल्यांमध्ये असेल तर तो दोनदा येणं बरोबरच आहे, तिथे डबल म्हणून उडवू नका, संख्या पातळीपातळीनं गुणत न्या.

तपासायचं कसं, तर रूट कार्ड हातात घेऊन. तीन पार्ट निवडा: एक साधा, एक ज्याचं काम बाहेर जातं, एक ज्याला दोन रिव्हिजन आणि पर्यायी रूटिंग आहे. प्रत्येक जॉइन एकेक करून लावा आणि दर वेळी रो मोजा, ज्या जॉइनला आकडा हलला तो जॉइन चुकलाय. मग पूर्ण टेबलावर कंपनी, पार्ट, रिव्हिजन आणि ऑपरेशन क्रमांकावर ग्रुप करून हॅविंग काउंट एकपेक्षा जास्त असं चालवा, एकही रो यायला नको.

तुमच्या केसमध्ये आत्ता तीनच बदल करा: ऑपरेशन मास्टरला कंपनी, वर्क सेंटरला लेफ्ट जॉइन, आणि रिव्हिजनला रो-नंबर. सहा रो आल्या पाहिजेत, हार्डनिंगच्या पुढे वर्क सेंटर रिकामं, टर्निंग फक्त ८ मिनिटांचं, जर तीच नवी रिव्हिजन असेल. सहाच्या जागी जास्त आल्या तर पर्यायी रूटिंगचा कॉलम उघडून बघा आणि त्यात काय दिसतंय ते इथे टाका.